परवलीच्या शब्दापासून पासकीपर्यंत : राहून गेलेल्या तपासणीचा इतिहास



या मालिकेत आपण बहुतेक वेळा शे-दोनशे, तीनशे वर्षं मागे जातो. आजचा इतिहास मात्र जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचा आहे, आणि तो तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अजून घडतो आहे. विषय आहे पासवर्ड, त्याच्या जागी आलेली पासकी, आणि ती पासकी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची सतत चालणारी डागडुजी. विषय तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. सुरुवात आपण गडापासूनच करू.

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका तुम्हाला माहीत आहे. मग तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा तंजावरला. सूर्य मावळला, गडाचे दरवाजे बंद झाले. गवळण हिरकणी गडावर अडकली, तान्हं बाळ खाली घरी. पहारेकरी दार उघडेनात. शेवटी ती अंधारात कडा उतरून गेली. आख्यायिका म्हणते की महाराजांनी तिचा सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. दार पक्कं होतं, पहारा चोख होता, पण कड्याच्या एका बाजूचा विचार राहून गेला होता. ते एका निरपराध माणसामुळे कळलं. राजा चिडला नाही, त्याने बुरूज बांधला.

संगणकाच्या दाराचा इतिहास नेमका असाच आहे. कुलूप कोणी शोधलं एवढ्यापुरता तो नाही. कुठली तपासणी राहून गेली, ती कोणाच्या लक्षात आली आणि ती भरून काढताना काय झालं, हा त्यातला खरा भाग.

मराठीत पासवर्डला आपण 'परवलीचा शब्द' म्हणतो. रात्रीच्या पहाऱ्यावर आपला माणूस ओळखायचा तो शब्द. संगणकाच्या जगात तो आला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली. तिच्यात एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरू शकत होते. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि वापराचा वेळ ठरलेला. मग कोण कोणाच्या नावावर बसलंय ते ओळखायचं कसं? प्रत्येकाला एक शब्द दिला. काम झालं.

फार काळ नाही टिकलं. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ कमी पडत होता. फाइली छापून मागवण्याची सोय होती. त्याने पासवर्डची फाइलच छापून मागवली आणि यंत्राने ती निमूट छापून दिली! हे त्याने स्वतःच पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. त्याच दशकातला आणखी एक किस्सा कोर्बाटोंनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. रोज संगणकावर बसणाऱ्याला सुरुवातीला एक सूचना दिसायची. एके दिवशी ती सूचना आणि पासवर्डची यादी या दोन फाइलींची अदलाबदल झाली. जो कोणी यंत्राशी जोडला गेला, त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. कारण काय? एका वेळी एकच माणूस तिथे काम करणार असं गृहीत धरून तात्पुरत्या फाइलीला एकच ठरलेलं नाव दिलेलं होतं. एका दिवशी दोघे एकदम बसले. कोणीही चोर नव्हता. फक्त एक गृहीतक जुनं झालं होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गृहीतक जुनं झालं, आणि ते जुनं झालंय हे कोणाला कळलं नाही.

पुढचा टप्पा बेल लॅब्जचा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्समधल्या पासवर्डचा अनुभव एका निबंधात मांडला. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्याचं असं रूप ठेवायचं की त्यावरून मूळ शब्द उलटा काढता येऊ नये. त्यात प्रत्येकासाठी एक वेगळी यादृच्छिक संख्या मिसळायची. तिला चक्क 'सॉल्ट', म्हणजे मीठ म्हणतात. दोन जणांचा पासवर्ड एकच असला तरी मीठ वेगळं, म्हणून साठवलेलं रूप वेगळं. पण त्याच निबंधात त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा ८६ टक्के एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात वगैरे सहज सापडणारे होते. म्हणजे साठवण सुधारली, माणूस होता तिथेच राहिला.

आणि साठवणीचा धडा तरी सगळ्यांनी घेतला का? तीस वर्षांनी, २००९ मध्ये, रॉकयू नावाच्या कंपनीच्या साठ्यातून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते साध्या अक्षरांत, जसेच्या तसे ठेवलेले होते.

मूळ दुखणं एवढंच की परवलीचा शब्द दोघांना माहीत असावा लागतो. सांगणाऱ्यालाही आणि विचारणाऱ्यालाही. निदान सांगायच्या क्षणी तरी तो विचारणाऱ्याच्या हाती जातोच. विचारणारा तोतया निघाला तर? आपल्याकडे याचं रोजचं रूप म्हणजे ओटीपी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा तपासणी आली. पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी घराघरात पोहोचला. त्याने पुष्कळ चोऱ्या अडवल्या, हे मान्य करायला हवं. पण 'तुमचं केवायसी संपलंय, आलेला नंबर सांगा' असा फोन आला आणि आपण सांगून बसलो, तर तो ओटीपी बिचारा काय करणार? तोही शेवटी सांगता येणारा शब्दच.

यावरचा उपाय कल्पनेच्या रूपात १९७६ पासून तयार होता. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी त्या वर्षी जाहीर किल्लीची कल्पना मांडली. आपल्याला ती शिक्क्याच्या उदाहरणाने पटकन कळेल. जुन्या पत्रावर शिक्का-मोर्तब असायची. शिक्का धन्याकडे, आणि ठसा कसा दिसतो ते दरबारात सगळ्यांना माहीत. खऱ्या शिक्क्याची नक्कल एखादा कारागीर करू शकतो. पण गणितातला शिक्का असा बनवता येतो की ठसा अख्ख्या जगाला दाखवला तरी त्यावरून शिक्का घडवता येत नाही. शिक्का ही खाजगी किल्ली, ठशाचा नमुना ही जाहीर किल्ली.

पासकी म्हणजे हेच. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर पासकी तयार करता तेव्हा तुमचा फोन किल्ल्यांची एक जोडी घडवतो. नमुना सर्व्हरला देतो, शिक्का स्वतःकडे ठेवतो. पुन्हा प्रवेश करताना सर्व्हर एक ताजी, कधीही न वापरलेली संख्या पाठवतो. तुम्ही बोट लावता, फोन त्या संख्येवर सही करून पाठवतो, सर्व्हर नमुन्याशी ताडून बघतो. सर्व्हर लुटला गेला तरी चोराच्या हाती फक्त नमुने लागतात. आणि तुम्हाला कोणी फोनवर विचारलं तरी सांगायला तुमच्याकडे शब्दच नसतो.

कल्पनेपासून आपल्या फोनपर्यंत यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. फिडो अलायन्स ही कंपन्यांची संघटना २०१३ मध्ये जाहीर झाली. ब्राउझरसाठीचं प्रमाण, म्हणजे वेबऑथन, ४ मार्च २०१९ रोजी डब्ल्यू३सी या संस्थेने मंजूर केलं. आणि ५ मे २०२२ रोजी ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून जाहीर केलं की आम्ही ही पद्धत आमच्या सगळ्या उपकरणांवर सोपी करून आणू. 'पासकी' हा शब्द त्याच काळात लोकांच्या तोंडी बसला.

बहुतेक लेखांमध्ये गोष्ट इथे संपते. पासवर्ड गेला, पासकी आली, सुखाने नांदू लागले. आपली गोष्ट मात्र इथे सुरू होते.

मला सांगा, सही फोनने केली, पण ती बरोबर आहे की नाही हे कोण तपासतं? सर्व्हरवरचा काही शे किंवा काही हजार ओळींचा कोड. आणि प्रत्येक संकेतस्थळ तो कोड स्वतः लिहीत नाही, लिहूही नये. तयार लायब्ररी घेतात. जावासाठी वेगळी, पीएचपीसाठी वेगळी, गो भाषेसाठी वेगळी. यातल्या बऱ्याचशा ओपन सोर्स आहेत, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा, कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. आणि यातल्या अनेकांचा सांभाळ दोन-चार माणसं आपला संध्याकाळचा वेळ देऊन करत असतात. दरवाजावरचा पहारेकरी तो आहे.

हा पहारेकरी काय काय बघतो? आलेली संख्या आत्ता दिलेलीच आहे ना, हे बघतो, कारण जुनी सही जपून ठेवून पुन्हा दाखवायची युक्ती फार जुनी आहे. सही कोणत्या संकेतस्थळासाठी केली आहे, हे बघतो, कारण हुबेहूब दिसणारी खोटी पानं बनवून लोकांना फसवलं गेलं आहे. माणसाने खरंच उपकरणाला हात लावला का, हे बघतो, कारण संगणकात शिरलेला हस्तक मालकाच्या नकळत सही करून घेऊ शकतो. काही उपकरणं प्रत्येक सहीबरोबर एक आकडा वाढवत नेतात. तो पुढे गेला आहे ना, हेही बघतो, म्हणजे किल्लीची नक्कल झाली असेल तर कळावं. आणि शेवटी सही गणिताने जुळते का, हे बघतो.

प्रत्येक तपासणीमागे कुठला ना कुठला हल्ला उभा आहे. ही यादी म्हणजे एक बखरच आहे म्हणा ना. आणि बखरीतलं एक पान गळलं तर काय होतं?

२०२१ मध्ये पीएचपीच्या एका प्रसिद्ध वेबऑथन लायब्ररीत हेच झालं. माणसाने उपकरणाला हात लावला की नाही, ही तपासणी तिच्या काही आवृत्त्यांत नीट होत नव्हती. ज्याच्या संगणकाचा ताबा हल्लेखोराकडे आहे, आणि ज्याची किल्ली त्या संगणकाला लावलेली आहे, त्याच्या नावाने हात न लावता प्रवेश मिळू शकत होता. दोष जाहीर झाला, त्याला क्रमांक मिळाला, नवी आवृत्ती आली.

त्याहून मोठी गोष्ट जावाची. ती तारखांसकट सांगतो.

पासकीची सही बहुतेक वेळा ईसीडीएसए नावाच्या पद्धतीने होते. तिच्यात सही म्हणजे दोन संख्या. पडताळणीच्या समीकरणात या दोन्ही संख्या येतात. आता गंमत बघा. कोणी दोन्ही जागी शून्य लिहून पाठवलं तर? समीकरणाच्या दोन्ही बाजू शून्य होतात. शून्य बरोबर शून्य. सही मंजूर! कोणाचीही किल्ली असो, कुठलाही मजकूर असो. म्हणून पद्धतीच्या व्याख्येतच पहिली अट आहे, की दोन्ही संख्या किमान १ आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्या पाहिजेत. आधी ते बघा, मग गणित करा.

जावात हे गणित पूर्वी सी++ भाषेतल्या कोडमध्ये होतं, आणि तिथे ही तपासणी होती. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या जावा १५ साठी तो भाग जावात नव्याने लिहिला गेला. हेतू चांगलाच होता. पण नव्याने लिहिताना ती पहिली तपासणी राहून गेली. जुना पहारेकरी निवृत्त झाला, नवा आला, आणि 'कोरा कागद दाखवणाऱ्याला सोडू नकोस' हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

दीड वर्षाहून जास्त काळ हे दार असं होतं. जावा १५, १६, १७ आणि १८, चारही आवृत्त्यांत. नील मॅडन या ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञाच्या ते लक्षात आलं. त्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये ओरॅकल कंपनीला खाजगीत कळवलं, आणि दुरुस्ती बाहेर पडली १९ एप्रिल २०२२ रोजी. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत एक कोरा कागद आहे, बघणाऱ्याला जे बघायचंय तेच त्यावर दिसतं. त्यावरून मॅडनने या दोषाला नाव दिलं.

आता तारखा जुळवा. १९ एप्रिल २०२२ ला हा दोष जगाला कळला. तीन मोठ्या कंपन्यांची पासकीची घोषणा झाली ५ मे २०२२ ला. मध्ये फक्त सोळा दिवस. ज्या लायब्रऱ्या सहीचं गणित जावाच्या त्या भागावर सोपवत होत्या, त्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये एकही चूक नव्हती. तरी त्यांचं दार उघडं होतं, कारण ज्या पायावर त्या उभ्या होत्या त्यातला एक चिरा निसटला होता.

आणि यातला सगळ्यात टोचणारा मुद्दा म्हणजे जुन्या जावावर थांबलेल्यांना या दोषाची झळ लागली नाही. ज्यांनी वेळेवर अपडेट केलं, त्यांना लागली. म्हणून कोणी म्हणेल, 'बघा, आम्ही म्हणतच होतो, चालतंय ते चालू द्या.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. जुन्या आवृत्तीत दुसरे, आधीच उघड झालेले दोष पडून असतात, आणि चोरांना त्यांचा पत्ता माहीत असतो. इथून शिकायचं ते वेगळं आहे. अपडेट करताना जुनी तपासणी का होती, हे कुठेतरी लिहिलेलं हवं, आणि नवा कोड त्यावर घासून बघितलेला हवा. गूगलमधल्या काही अभियंत्यांनी २०१६ मध्ये वायचप्रूफ नावाचा संग्रह खुला केला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका अगदी छोट्या डोंगराचं नाव आहे ते. सह्यांच्या आणि गुप्तलेखनाच्या कोडवर आजवर झालेले हल्ले त्यात चाचण्यांच्या रूपात जपून ठेवले आहेत. शून्य-शून्यची सहीसुद्धा. म्हणजे दप्तर होतं. वेळेवर उघडलं गेलं नाही.

याची दुसरी बाजूही बघू, म्हणजे फक्त एकाच्या माथी खापर फुटायला नको. कधी अपडेट न केल्याने दार उघडं राहतं, तर कधी अपडेटमुळे घरचाच माणूस बाहेर राहतो.

पासकी सुरुवातीला एकाच उपकरणात बंद असायची. पुढे ती तुमच्या खात्यातून एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाऊ लागली. सोय मोठी झाली, फोन हरवला तरी पासकी वाचते. पण मघाशी सांगितलेला वाढत जाणारा आकडा? दोन-तीन उपकरणांत एकच किल्ली असेल तर तो सांभाळणार कोण? अशा अनेक पासकी आता तिथे सरळ शून्य पाठवतात. म्हणजे पुन्हा एक गृहीतक जुनं झालं. मग प्रमाणात नवी खूण आली. उपकरण आपल्या उत्तरात आठ खुणांची एक बाइट पाठवतं, तिच्यात आधी राखून ठेवलेल्या दोन जागा वापरात आल्या. एक सांगते की या किल्लीची प्रत दुसरीकडे जाऊ शकते का, दुसरी सांगते की ती आत्ता गेलेली आहे का. नियम असा, की पहिली खूण किल्लीच्या जन्मापासून बदलायची नाही.

गो भाषेतल्या एका लायब्ररीने हा नियम तपासायला सुरुवात केली. अगदी योग्यच. पण ज्या संकेतस्थळांनी जुन्या नोंदींत ही खूण साठवलीच नव्हती, तिथे जागा रिकामी, म्हणजे 'नाही' अशी वाचली गेली. फोन म्हणतो 'हो', वही म्हणते 'नाही'. खरा मालक, खरी किल्ली, खरी सही, आणि दार बंद. आख्यायिकेतल्या पहारेकऱ्यांसारखंच झालं ना? नियम पाळला, माणूस अडकला. उपाय म्हणजे जुन्या नोंदी जुळवून घेणं, आणि ते काम प्रत्येक संकेतस्थळाने स्वतः करायचं.

याच लायब्ररीची पूर्वपीठिकाही सांगण्यासारखी आहे. तिचा मूळ कोड ड्युओ लॅब्ज या अमेरिकन गटाने लिहिला होता. पुढे त्यांनी त्यावरचं काम थांबवलं. इतरांनी तो उचलला, नव्या घरी नेला आणि चालू ठेवला. कोड उघडा होता म्हणून हे शक्य झालं. पण जुन्या पत्त्यावरून कोड घेणारे कोणी राहिले असतील, तर त्यांच्यापर्यंत नंतरची एकही दुरुस्ती पोहोचणार नाही. ओसाड चौकी लांबून चौकीसारखीच दिसते.

या चौक्या चालतात कशावर? २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचा दोष सापडला. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग त्या लायब्ररीवर उभा होता. तेव्हा लोकांना कळलं की त्या प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलरच्या घरात होत्या. त्यानंतर कंपन्यांनी पैसे दिले, माणसं नेमली गेली. पण एवढा मोठा धक्का बसावा लागला.

आता हे आपल्या दाराशी येतंय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल पेमेंटच्या ओळख तपासणीसाठी नवे निर्देश काढले, अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात ओटीपी रद्द केलेला नाही, पण ओळख पटवण्याच्या इतर पद्धतींना वाट मोकळी केली आहे. पुढच्या काही वर्षांत तुमच्या आईवडिलांचं पेन्शनचं खातं, मुलांची फी, गावाकडच्या पतसंस्थेचं ॲप, यातली कितीतरी दारं अशा लायब्रऱ्या राखत असतील.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातला कोणी ना कोणी बंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्यात हेच काम करतो. त्याला किंवा तिला हा भाग जरूर ऐकवा. तुमच्या प्रकल्पात पासकीची लायब्ररी असेल तर तिचा बदलांचा इतिहास वाचा. ती शेवटची कधी अपडेट झाली ते बघा. ती कशावर उभी आहे, तेही बघा. एखादी तपासणी निरुपयोगी वाटली तर काढण्याआधी विचारा, ही इथे कोणी आणि का ठेवली? आणि दोष सापडला तर मॅडनसारखं आधी खाजगीत कळवा. कळवणाऱ्यावर चिडण्याऐवजी बुरूज बांधा.

बाकी आपण सगळे जण? फोनवर 'अपडेट उपलब्ध आहे' असं दिसलं की आपण 'उद्या' म्हणतो. मीही म्हणतो. पण त्या एका ओळीमागे बहुधा कोणीतरी राहून गेलेली एक तपासणी शोधून परत जागेवर ठेवलेली असते. तेवढं आठवलं तरी आजचं बोलणं कामी आलं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.